बटणबाही

टेलरबाईंना सैल म्हणून काही खपत नसे. कपडा सैल नको, टाका सैल नको, कारागीर तर सैल नकोच, आणि कुणी गिऱ्हाईक सैल बोललं तर बाई ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवत आणि त्याला दोन शब्द सुनावत. हात होताच तसा. त्यांच्या हातचं जाकीट अंगात गेलं की पोक काढून चालणारी बाईसुद्धा ताठ चालायला लागे. सगळ्या पेठेला हे माहीत होतं आणि बाईंनाही माहीत होतं, आणि अडचण होती ती तीच. माणसाच्या अंगी गुण असावा, पण तो त्याला उठता-बसता आठवू नये.

पुढे दुकान आणि मागे घर. नवरा टपाल खात्यात होता, आणि घरातही असायचा तो टपालासारखाच, येऊन पडलेला. तिसरं माणूस म्हणजे वन्सं, नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायच्या, जसं काही बाजारातून साबण आणायचा राहून गेला. सरकारी कचेरीत जन्मनोंदणीच्या खिडकीवर त्यांची नोकरी. गावातली निम्मीअधिक बाळं वन्संच्या हाताखालून जगात आली, असं म्हटलं तरी चालेल. नवे बाप खिडकीशी येऊन बायकोचं नाव विसरत आणि वन्सं हसू दाबून म्हणत, घरी जाऊन विचारून या, मी इथेच आहे.

या वन्संच्या डाव्या बाजूला छातीचं ऑपरेशन झालं. जखम भरली, डॉक्टर खूश झाले, पण डावा हात रुसला तो रुसलाच. खांदा आखडला, दंड सुजला. हात वर जाईना, मागे जाईना, कुठलीही बाही त्यावर चढेना. दुखण्याचं वन्संना फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढ्याचंच, की रोज सकाळी वहिनीसमोर उभं राहायचं आणि तिने आपल्याला लहान पोरासारखे कपडे घालायचे. त्या डोळे मिटून उभ्या राहत. बाई शक्य तेवढ्या हलक्या हाताने बाही ओढत, मध्येमध्ये काहीतरी थट्टा करत, पण वन्संचे डोळे काही उघडत नसत. एका सकाळी त्या तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "वहिनी, मला माझं माझं तयार होता आलं ना, तर मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

बाईंनी त्या दिवशी दुकानातली सगळी कामं बाजूला सारली. कापड टेबलावर टाकलं, वन्संचा हात आठवला आणि कातर चालवली. उजवी बाही नेहमीसारखी. डावी मात्र गळ्यापासून उघडी, खांद्यावरून, दंडावरून, थेट मनगटापर्यंत, आणि त्या सगळ्या लांबीला एकाखाली एक बटणं. जाकीट डोक्यातून घ्यायचं, उजवा हात घालायचा, डावा हात जिथे लोंबतोय तिथेच राहू द्यायचा. बाहीच त्याच्यावर येऊन पडेल. मग उजव्या हाताने सावकाश बटणं लावत यायचं.

वन्संनी दार लावून घेतलं. बाई बाहेर दाराला कान लावून उभ्या, शेजारी टपाल. बऱ्याच वेळाने दार उघडलं. शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, पण वन्संच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाईंनी कुठल्याही नवरीच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. "जमलं मला," एवढंच त्या म्हणाल्या आणि घरभर फिरून आल्या. नवरा "बरं" म्हणाला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला. चुकलेलं बटण बाईंनी हात पुढे करून नीट केलं नाही. आपल्या आयुष्यात त्यांनी चुकीचं राहू दिलेलं तेवढं एकच बटण असेल.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्याच सुमारास पुढारीणबाई दुकानात आल्या. त्या तेव्हा सरकारात होत्या, त्यांचे कपडे बाई शिवत. माप देता देता त्यांची नजर आतून येणाऱ्या वन्संवर गेली आणि त्या बाहीवर खिळली. ही काय नवीन फॅशन, म्हणून त्यांनी विचारलं. बाई खरं सांगणारच होत्या, तेवढ्यात त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संची नजर म्हणत होती, नको. बाईंनी शब्द फिरवला आणि म्हणाल्या, माझं नवीन डिझाइन आहे.

तेवढं खोटं कुणीही माफ करावं. ते माणुसकीचं खोटं होतं. पण पुढारीणबाईंनी तस्संच जाकीट शिवून घेतलं, त्या चार ठिकाणी मिरवल्या, आणि बघता बघता ज्या त्या बाईला डाव्या हाताला बटणं हवी झाली. लोकांनी त्याला नावही दिलं, बटणबाही. मग एका मासिकाची मुलगी आली आणि तिने विचारलं, हे सुचलं कसं? वन्सं त्या वेळी कचेरीत होत्या. घरात नजरेने "नको" म्हणणारं कुणी नव्हतं आणि "खरं सांग" म्हणणारंही कुणी नव्हतं. बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "एका वेलीवर खालून वरपर्यंत कळ्या चढत गेलेल्या पाहिल्या, आणि मनात बाही उभी राहिली." कसली वेल आणि कसल्या कळ्या? दुकानासमोर विजेचा खांब होता. पण मासिकात ते छापून आलं, बाईंच्या फोटोसह, आणि ते दुकानात काचेखाली लागलं. वन्संनी वाचलं आणि म्हणाल्या, फोटो छान आलाय.

पुढे राजकारण शिरलं. पुढारीणबाईंचं सरकारशी बिनसलं. भर सभागृहात त्या उठल्या, आणि मी आता या सरकारात नाही, असं सांगता सांगता त्यांनी डाव्या बाहीची बटणं एकेक करून सोडली आणि बाही खांद्यावर टाकली. आता कामाला लागू या, म्हणाल्या. त्यांना तेव्हा उकडत होतं की त्यांनी हे आधीच ठरवलं होतं, देव जाणे. पण तो फोटो असा पसरला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून मोर्चात बटणबाही, कॉलेजात बटणबाही. पुरुषांनीसुद्धा आपल्या सदऱ्यांच्या बाह्या फाडून बटणं लावून घेतली. कालपर्यंत जी फॅशन होती ती आज घोषणा झाली. सरकारविरुद्ध तोंड उघडायची ज्यांची छाती नव्हती ते निदान बाही उघडायला लागले.

बिचाऱ्या वन्सं खिडकीवर बसलेल्या. रांगेतले लोक त्यांची बाही बघून डोळा मारत, हळूच आपलं वरचं बटण सोडून दाखवत. वन्संना कानकोंडं होई. वरिष्ठही हल्ली त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघत. घरी आल्यावर त्या हसून म्हणत, वहिनी, तुझ्यामुळे मी क्रांतिकारक झाले. बाई हसत. त्यांना मनातून बरंच वाटे. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि त्याच दिवसांत गल्लोगल्ली नवशिके उभे राहिले. कुणीही उठावं आणि बटणबाही शिवावी. काजं वाकडी, मुंढ्यात चुण्या, खांदा कुठे आणि बाही कुठे. ते बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपली गोष्ट लोकांनी चोरली यापेक्षा ती वाईट शिवली, याचा त्यांना जास्त राग.

सरकारने कायदा करायचं ठरवलं. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत राजकीय निष्ठा दाखवणारा पेहराव नको, असा. मसुदा करायला समिती बसली आणि समितीला कुणीतरी जाणकार हवं होतं. बाईंना बोलावणं आलं. दारात गाडी आली. पेठ बघत होती. बाई ठेवणीतलं जाकीट घालून गाडीत बसल्या आणि नवरा फाटकाशी "बरं" म्हणाला.

तिथे त्यांना सगळ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. अध्यक्ष म्हणाले, आम्हाला काय कळतं त्यातलं, तुम्हीच सांगा. एक कायद्याचे सल्लागार होते. बारीक चणीचे, कोटाचं एक बटण बाकीच्यांहून वेगळं. बाईंना आधी ते बटण दिसलं आणि माणूस मनातून उतरला. त्या माणसाने मसुदा वाचून दाखवला. राजकीय निष्ठा सूचित करणारा पेहराव, एवढाच एक मोघम शब्दप्रयोग. आता खरं तर त्या मसुद्यातून हत्ती निघून गेला असता. कुठल्याही वकिलाने पहिल्याच दिवशी त्याच्या चिंध्या केल्या असत्या आणि सल्लागारांनाही बहुधा तेच हवं होतं. पण बाईंना ते सैल वाटलं. असं पोतं शिवतात, कायदा नाही, असं त्या म्हणाल्या आणि समिती हसली. मग काय, बाईंनी टेप गळ्यात टाकल्यासारखी बैठकच ताब्यात घेतली. जी बाही गळ्यापासून मनगटापर्यंत कुठेही उघडते ती, असं लिहा. नुसती बटणं म्हणू नका, उद्या लोक हुक लावतील, परवा चेन लावतील, तेरवा नाडी. सगळं लिहा. उघडी असो की मिटलेली. वरून पट्टी लावून झाकली असली तरी. आणि तपासणाऱ्यांना सांगा, डोळ्यांनी बघू नका, डोळे फसतात. खांद्यावरून बोट फिरवा. बोट खोटं बोलत नाही.

शिवणाऱ्यालाही धरा, असं बाईंनीच सुचवलं. नवशिके त्यांच्या डोळ्यांसमोर होते. यापुढे जो कुणी ही बाही शिवून देईल त्याचं दुकान बंद. अध्यक्षांनी मान डोलावली.

सगळं झाल्यावर सल्लागारांनी चष्मा काढला. त्यांनी ते मासिक वाचलेलं दिसत होतं. ते सावकाश म्हणाले, "बाई, कळ्यांचं मला माहीत आहे. पण फॅशन सोडून दुसऱ्या एखाद्या कारणासाठी ही बाही कुणाला लागते का? आजारपण, वय, काही काम? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी अपवादाची एक ओळ घालतो."

बाईंच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं, बंद दार, दाराला लावलेला कान, चुकलेलं बटण. एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलला की कळ्या गेल्या, वेल गेली, काचेखालचा फोटो गेला. समोर बसलेल्या एवढ्या मोठ्या माणसांना सांगायचं, की ज्याला तुम्ही डिझाइन म्हणता ती माझ्या नणंदेच्या सुजलेल्या दंडाची सोय आहे? आणि वन्संना तरी कुठे आवडेल चारचौघांत ते निघालेलं? असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि मनाला असं सांगायला लागतं तेव्हाच ते खोटं असतं हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. ओळीत वन्संचं नाव येणार नव्हतं, नुसतं "आजारपण" येणार होतं.

"फॅशनला कारण नसतं, साहेब," बाई म्हणाल्या.

सल्लागारांनी चष्मा घातला. कायदा झाला. पाठोपाठ सरकारी कचेऱ्यांचा नवा गणवेश शिवायचं काम बाईंच्याच दुकानाला मिळालं. दोन्ही बाह्या सारख्या, साध्या, अखंड.

घरी आल्यावर बाईंनी वन्संना यातलं काही सांगितलं नाही. तुमचं मी बघते, एवढंच म्हणाल्या. कातर आपल्या हातात आहे, काहीतरी निघेल, असा त्यांना भरवसा होता. मग त्या बसल्या वाट काढायला. हुक लावावेत? हुक लिहिले होते. चेन? लिहिली होती. काखेतून उघडावी? "कुठेही" हा शब्द त्यांनीच घातला होता. जिकडे बोट घालावं तिकडे टाका घट्ट. आयुष्यात इतकं पक्कं त्यांनी काही शिवलं नव्हतं. शेवटी त्यांनी नव्या गणवेशाच्याच कापडाची बटणबाही शिवली आणि बटणांवरून पट्टी अशी बेमालूम बसवली की हातभर अंतरावरून कळू नये. वन्संनी विचारलंसुद्धा, वहिनी, हे चालेल ना? बाई म्हणाल्या, कोण बघतंय.

बघितलं कुणीच नाही. कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या पहारेकरीण मुलीने बोट फिरवलं, शिकवलं होतं तसं. गळ्यापासून खांद्यावरून खाली. पट्टीखाली एकेक बटण लागत गेलं, आणि रांगेतल्या लोकांसमोर तिने वन्संना बाजूला उभं केलं.

चौकशी बसली. वरिष्ठ साहेब, शेजारी तेच वेगळ्या बटणाचे सल्लागार, आणि तज्ज्ञ म्हणून, दुसरं कोण असणार, टेलरबाई. दोघींचं नातं कुणी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी बाई वन्संना म्हणाल्या होत्या, मी सगळं सांगते. डॉक्टरांचं, हाताचं, सगळं. वन्सं म्हणाल्या होत्या, बघू. नवरा "बरं" म्हणायलाही विसरला होता.

चौकशीच्या खोलीत वन्सं सरळ उभ्या होत्या. ही बाही का घातली, असं साहेबांनी विचारलं. सोयीची पडते, असं त्या म्हणाल्या. कसली सोय? एका खोलीभर पुरुषांसमोर आपली छाती शब्दांत मांडायची वन्संची तयारी नव्हती, आणि ती का असावी? साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. हे शिवलं कुणी? कायद्यानंतरचं कापड आहे, शिवणाऱ्यावरही कारवाई होईल.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आता बोलायचं. आत्ताच. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात टेकला.

"मीच शिवलं," वन्सं म्हणाल्या. "घरी मशीन आहे."

त्यांनी बाईंकडे पाहिलंही नाही. सुजलेला हात अंगाशी लोंबत होता. त्या हाताने कापड धरून मशीनवर सरळ शिलाई मारायची म्हणजे काय, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं.

साहेब बाईंकडे वळले. तज्ज्ञ म्हणून तुम्ही बघा, म्हणाले, बाजारचं काम आहे की घरचं? जप्त केलेलं जाकीट साहेबांच्या टेबलावरच होतं. बाईंनी ते जवळ ओढलं. बोटं आपोआप कॉलरच्या आत गेली. तिथे लाल दोऱ्याचा एक बारीकसा टाका होता. प्रत्येक कपड्यात त्या तो घालत, कुणाला दिसू नये आणि आपल्याला ओळखू यावा म्हणून. बेमालूम पट्टीच्या नादात, भीतीच्या दिवसांतसुद्धा, सवयीने घातला गेलेला. हे माझं आहे म्हणून सांगण्याची हौस काही सुटत नाही माणसाची.

बाईंनी त्या टाक्यावर अंगठा ठेवला.

"घरचं काम आहे," त्या म्हणाल्या.

सल्लागार त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? समितीत विचारलं होतं त्याच आवाजात. दुसऱ्यांदा दार उघडून धरल्यासारखं. बाईंना दुकान आठवलं, कारागिरांची घरं आठवली, आणि खरं सांगायचं तर काचेखालचा तो फोटो आठवला. इतक्या मोठ्या संकटात माणसाला इतकी क्षुल्लक गोष्ट आठवावी याची त्यांना तिथेच, त्या खुर्चीत, शिसारी आली. तरी त्यांनी मान हलवली. नाही.

वन्संची नोकरी राहिली. माफी लिहून द्यायची आणि उद्यापासून सगळ्यांसारखा गणवेश घालायचा, एवढ्यावर भागलं. फाटकाशी आल्यावर बाईंना राहवलं नाही. वन्सं, का केलंत असं, म्हणून त्यांनी विचारलं. वन्सं म्हणाल्या, दुकान बंद झालं असतं ना. डाळ महाग झाली म्हणावं इतक्या साध्या आवाजात. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बाईंना कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. तशी काही जागा वन्संनी ठेवली नाही, आणि ती मुद्दाम ठेवली नाही असंही म्हणता येणार नाही. त्यांचा स्वभावच तसा.

बाईंनी काचेखालचं मासिक काढून टाकलं. त्याने काय होणार होतं? लोकांना पाठ होतं. नवीन गिऱ्हाईक येई आणि विचारी, त्या कळ्यावाल्या तुम्हीच ना? बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. सल्लागारांकडे जाऊन खरं सांगायचं, अपवादाची ओळ मागायची, असं त्या रोज ठरवत. एकदा तर कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या आणि आज गर्दी आहे म्हणून परत आल्या.

मग राजकारण फिरलं, ते काय, फिरतंच. पुढारीणबाईंचं आणि सरकारचं जमलं. त्या पुन्हा आत गेल्या, आणि पहिल्याच दिवशी दोन साध्या बाह्यांचं जाकीट घालून. मापाला आल्या तेव्हा बाईंनी धीर करून विषय काढला, तो कायदा आता काढून टाकता येईल का म्हणून. पुढारीणबाई आरशात बघत म्हणाल्या, कशाला? आता कोण घालतंय ते? खरंच होतं. मोर्चेवाल्यांनी बाह्या शिवून टाकल्या होत्या, कॉलेजातल्या पोरी आता पाठीवर गाठ मारत होत्या. फॅशन गेली, घोषणाही गेली. कायदा मात्र जागच्या जागी होता, कारण तो काढायला कुणाला काही कारण नव्हतं. ज्या एका बाईला ते होतं ती खिडकीवर बसून बाळांची नावं लिहीत होती.

आता रोज सकाळी वन्सं मागच्या खोलीत उभ्या राहतात. बाईंनी त्यांच्या गणवेशाची बाही जमेल तेवढी रुंद केली आहे, पण अखंड बाही ती अखंडच, त्या हातावर आपली आपण चढत नाही. बाई एका हाताने सुजलेला दंड धरतात, दुसऱ्याने कापड वर ओढतात. पूर्वी करायच्या तशी थट्टा त्यांना आता सुचत नाही. वन्सं मात्र पूर्वीसारखे डोळे मिटत नाहीत. ते उघडे ठेवून त्या मधल्या दारातून, दुकानाच्या खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघत असतात.

एका सकाळी बाई कफची बटणं लावत होत्या, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? बरेच दिवस मनात आहे."

बाई म्हणाल्या, विचारा. त्यांना वाटलं, आता येणार ते. येऊ दे एकदाचं.

"त्या कळ्या कसल्या होत्या गं? मासिकात सांगितलं होतंस ते. खिडकीवर एक बाई विचारत होती. मला काही सांगता आलं नाही."

आवाजात टोमणा नव्हता. बाईंनी वर मान करून बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं, वन्संना खरंच काही माहीत नाही की सगळं माहीत आहे. पण त्यांना वर बघता आलं नाही. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. त्यांनी ते काढलं आणि पुन्हा नीट लावलं.